साडेतीनची लेबलं

महाळुंग्यातल्या आमच्या कारखान्यात पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते आणि दुसरी साडेतीनलाच लागते. नेमक्या त्याच वेळी डिस्पॅचच्या डॉकला तीन-चार टेम्पो लागलेले असतात. आम्ही गिअरबॉक्समधले शाफ्ट बनवतो. ते ज्या मोठ्या कारखान्यात गाड्यांना बसतात तो चाकण चौकाच्या पलीकडे आहे. अंतर थोडं, पण ट्रॅफिक असं की साडेचारच्या आत टेम्पो आमच्या गेटबाहेर पडला नाही तर त्यांची लाइन आमच्या मालासाठी ताटकळते. प्रत्येक क्रेटवर बारकोडचं लेबल लागतं. लेबल नाही तर क्रेट गाडीत चढत नाही.

त्या वर्षी जवळपास सात महिने ही लेबलं रोज साडेतीनला अडकायची. का अडकतात ते शोधणं माझं काम होतं. त्या सात महिन्यांत मी जितकी चिडले तितकी आयुष्यात कधी चिडले नसेन. सर्व्हरवर, साहेबांवर, फोनवरच्या माणसांवर, ताथवड्याच्या घरून महाळुंग्याला पोचायला लागणाऱ्या वेळावर, सगळ्यावर.

मी तिथे डेटाबेस सांभाळते. मूळची परभणीकडची, लग्न होऊन इकडे आले आणि या कंपनीत बारा वर्षं झाली. माझं काम बाहेरच्याला सांगायचं तर अवघड नाही. सर्व्हरच्या मेमरीचे ढोबळ दोन वाटे असतात. एका वाट्यात सतत लागणारी माहिती हाताशी ठेवलेली असते: कुठला पार्ट, कुठला लॉट, कुठल्या ऑर्डरवर. ती तिथे असली की लेबल लगेच निघतं. नसली की दर वेळी डिस्कवरून शोधून आणावी लागते, आणि मेमरीपुढे डिस्क म्हणजे बैलगाडी. दुसरा वाटा मोठ्या रिपोर्टांसाठी, लाखो ओळी क्रमाने लावायला, बेरजा मारायला. कुणाला किती मेमरी द्यायची हे पूर्वी मी ठरवायचे. वर्षानुवर्षं बघून बघून आकडे बसवले होते. महिनाअखेरीला थोडं इकडे, ऑडिटच्या आठवड्यात थोडं तिकडे.

मग जुनं व्हर्जन बंद होणार म्हणून आम्ही नवं घेतलं. त्यात मेमरीची वाटणी सर्व्हर स्वतःच करतो. कुठे ताण आहे ते बघतो, दर काही मिनिटांनी थोडी मेमरी इथून काढतो, तिथे देतो. मला हे मनापासून हवं होतं. माझ्या भाचीच्या लग्नात अक्षता पडत असताना मी मांडवाबाहेर उभी राहून फोनवर आकडे सांगितलेले आहेत. त्यामुळे नव्या व्हर्जनचं प्रेझेंटेशन मीच केलं, आणि त्यात छातीठोकपणे म्हणाले, "आता माणसानं हात लावायची गरज नाही. सर्व्हर आपलं आपण शिकेल."

पहिल्या महिन्यात सगळे रिपोर्ट पूर्वीपेक्षा झपाट्याने निघायला लागले. आमच्या आयटीच्या साहेबांनी त्याची स्लाइड करून वर पाठवली.

पहिला फोन डिस्पॅचमधून आला. तिथले सीनियर क्लार्क इथल्याच जुन्या गावकरी घरातले. त्यांच्या घराण्याची जमीन एमआयडीसीत गेली आणि त्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ते हे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. सगळा कारखाना त्यांना भाऊ म्हणायचा, मीही म्हणायचे.

"मॅडम, लेबल निघंना झालंय," भाऊ म्हणाले. "दाबलं की नुसतं गोल फिरतंय."

"किती वेळ लागतोय?"

"पयलं दाबलं की निघायचं. आता तंबाखू मळून हुतीय तरी येत न्हाई."

मी स्क्रीन उघडली. सर्व्हर चालू होता, काही बंद पडलेलं नव्हतं. नेटवर्कवाल्याला सांगितलं, त्याने केबल बदलली. दुसऱ्या दिवशी साडेतीनला पुन्हा फोन. प्रिंटर बदलला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग मी सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या सपोर्टला तक्रार नोंदवली. त्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता माझ्या स्क्रीनवर आला. पाचलाच, कारण त्यांची ती वेळ होती.

"मॅडम, मला तर सगळं ग्रीन दिसतंय," तो म्हणाला.

"आत्ता ग्रीनच असणार. साडेतीनला बघा ना."

"ग्राफ आहे ना मॅडम माझ्याकडे. दिवसभर नॉर्मल आहे."

त्याचा ग्राफ अख्ख्या दिवसाची सरासरी दाखवायचा. साडेतीनच्या सुमाराची रडारड बाकी दिवसाच्या आनंदात मिसळून जायची. मी म्हटलं, मिनिटामिनिटाचा आलेख काढा. तो म्हणाला, त्यासाठी वेगळी रिक्वेस्ट टाकावी लागेल. मी टाकली. ती दुसऱ्याच टीमकडे गेली. दुसऱ्या टीमने मला पहिल्यापासून सगळं विचारलं: सर्व्हर कुठला, व्हर्जन कुठलं, प्रिंटर तपासला का. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की ऑटोमॅटिक ट्यूनिंग, म्हणजे मेमरीची ती आपोआप वाटणी, चालू आहे, सिस्टीम अजून लोड शिकते आहे, वेळ द्या.

"किती वेळ?" मी फोनवर विचारलं.

"ते सिस्टीमवर डिपेंड आहे मॅडम."

"आणि तोवर मी हातानं आकडे घातले तर?"

"घालू शकता. पण मग ते तुमचं कस्टम सेटिंग होतं. पुढे काही झालं तर आम्ही सपोर्ट देऊ शकणार नाही."

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी साहेबांना म्हटलं, ऑटोमॅटिक काढू या, जुने आकडे घालू या. ते हसले. वाईट माणूस नाही ते, पण स्लाइड वर गेलेली होती.

"मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात ना, हात लावायची गरज नाही? मग आता हात कशाला लावायचा?"

टेबलाभोवती सगळे हसले. मीही हसले, आणि बाहेर पडून वॉशरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

दोन महिने असे गेले. मग मी ठरवलं की वर एसीत बसून हे दिसणार नाही. एका बुधवारी दोन वाजताच वही घेऊन डिस्पॅचला गेले. भाऊंनी प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली. पावणेतीनपर्यंत लेबलं पटापट निघत होती. मी दर पाच मिनिटांनी एक लेबल काढायला सांगून घड्याळ लावत होते. तीन वाजता एक लेबल सात सेकंदांत आलं. सव्वातीनला वीस. साडेतीनला जवळजवळ एक मिनिट. बाहेर टेम्पोवाले हॉर्न वाजवायला लागले. एकजण खाली उतरून आत आला आणि भाऊंवर ओरडला, "ओ राव, आम्ही काय इथं मुक्कामाला आलोय का?" भाऊ त्याच्याकडे न बघता क्रेटवर हात ठेवून प्रिंटरच्या तोंडाकडे बघत उभे होते. रोज ते असेच उभे राहत असणार, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. चार वाजून गेल्यावर लेबलं हळूहळू सुधारली. पावणेपाचला पुन्हा पटापट.

गाड्या गेल्यावर भाऊंनी चहा मागवला.

"मॅडम, ह्ये नक्की आत काय हुतंय?"

मी त्यांना दोन वाटे समजावून सांगितले. ते ऐकत राहिले, मग डॉककडे हात करून म्हणाले, "म्हंजी असं बगा. रोजच्या मालाचे क्रेट आमी हितं दाराशी ठिवतो. कुनी मदीच मोठा लॉट आनला निवडायला, तर ह्ये क्रेट मागं ढकलायचे. निवड झाली की परत फुडं आनायचे. पर फोर्कलिफ्ट एकच. आनता आनता तास जातोय."

सपोर्टच्या दोन टीमना जे सांगता आलं नव्हतं ते हेच होतं. मी म्हटलं, "भाऊ, पावणेतीनला कुणीतरी मोठा लॉट आणतंय."

"मग त्याला सांगा की, येळ बदल म्हनून."

"आधी तो कोण ते शोधते."

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "तवर मी एक करू का? सकाळी धाला मशीन पळतंय झ्याक. दुपारच्या गाड्यांचा प्लॅन सकाळीच येतो. तवाच लेबलं काढून ठिवली तर? चिकटवायची फकस्त ऱ्हातील."

हे नियमात बसत नव्हतं. लेबल क्रेट भरल्यावरच काढायचं, असं भिंतीवर लिहिलेलं होतं, कारण मधे लॉट बदलू शकतो. त्यांनाही ते माहीत होतं, म्हणून तर विचारलं.

"चालंल न्हवं, मॅडम?"

"सध्या करा," मी म्हणाले. "आठवडाभरात मी हे सोडवते."

पावणेतीनचा माणूस सापडायला चार दिवस लागले. मेमरी वाटणारा ट्यूनर जे करतो त्याची नोंद एका फाइलमध्ये स्वतःच लिहून ठेवत असतो. ती फाइल सुरुवातीपासून तिथेच होती. मी उघडली नव्हती, कारण आपोआप चालणाऱ्या गोष्टीची वही कोण वाचतं? त्यात अगदी स्वच्छ लिहिलं होतं. पावणेतीनला रिपोर्टांच्या वाट्यावर ताण. हाताशी ठेवलेल्या माहितीतून मेमरी काढली. पुन्हा काढली. पुन्हा. सव्वातीनला ताण संपला. मग दर काही मिनिटांनी एकेक घास परत. तो बिचारा जपून वागत होता. एकदम इकडचं तिकडे केलं तर अख्खा सर्व्हर झोके खातो, म्हणून त्याला सावकाश चालायला शिकवलेलं होतं. रोज साडेतीनला, सगळ्या गाड्यांची लेबलं एकदम लागायची तेव्हा, तो नेमका अर्ध्या वाटेवर असायचा. आणि दिवसाची सरासरी चांगली येत होती, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ताण देणारा रिपोर्ट होता क्वालिटीचा: वर्षभरातल्या सगळ्या लॉटची साद्यंत यादी, कच्च्या मालापासून ग्राहकापर्यंत. रोज आपोआप चालायचा आणि आपोआप पाच जणांना मेल व्हायचा. पाचातले तिघे कंपनी सोडून गेले होते. चौथे प्लांट हेड. पाचवी मी. माझ्या मेलबॉक्सच्या एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये हा रिपोर्ट रोज येऊन पडत होता, एकही उघडलेला नाही. जुन्या आकड्यांच्या काळात हाच रिपोर्ट रडतखडत दीड तास चालायचा, कारण मी त्याला मेमरी देतच नव्हते. लेबलं पटापट निघत होती ती त्यामुळेच. आणि नव्या व्हर्जनने त्याला पोटभर दिली, त्याची आम्ही स्लाइड केली होती.

मी क्वालिटीच्या साहेबांकडे गेले. हा रिपोर्ट कुणी वाचतं का?

"वाचत नाही कुणी. पण बंद करू नका. ऑडिटला दाखवावा लागतो."

"वेळ तरी बदलू? दुपारी एकला लावते."

"माझी हरकत नाही. पण चेंज रिक्वेस्ट टाका."

टाकली. चेंज कमिटी शुक्रवारी बसते. पहिल्या शुक्रवारी आमचे साहेब रजेवर होते. दुसऱ्या शुक्रवारी कुणीतरी म्हणालं की वेळ बदलली तर जेवणाच्या सुट्टीतल्या हजेरीवर परिणाम होईल का, तपासून सांगा. मी तपासून सांगितलं, होणार नाही. तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी लिहिलं, सॉफ्टवेअर कंपनीचं मत जोडा. सॉफ्टवेअर कंपनीचं मत आलं: ऑटोमॅटिक ट्यूनिंगला शिकू द्यावं, मधे वेळा बदलल्यास शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

ते वाचून मी कीबोर्ड उचलून टेबलावर आपटला. शेजारची मुलगी दचकली. "काही नाही," मी म्हटलं.

भाऊंना दिलेला आठवडा संपून दीड महिना झाला होता. त्यांनी एकदाही विचारलं नाही. डॉकवर आता ओरडा नव्हता. लेबलं सकाळीच निघत होती, गाड्या वेळेवर जात होत्या. खरं सांगायचं तर त्यामुळे माझीही घाई कमी झाली होती.

मग एका दिवशी दुपारी दोनला क्वालिटीने एक लॉट अडवला, तपासणीत काहीतरी आलं म्हणून. त्याच्या जागी दुसरा लॉट गाडीत गेला. सहा क्रेट. त्यातल्या चारांवरची लेबलं भाऊंनी बदलली. दोन राहिली. पलीकडच्या कारखान्यात स्कॅन केल्यावर लेबलावर एक लॉट आणि शाफ्टवर कोरलेला दुसराच. त्यांनी लाइन थांबवली, माल बाजूला काढला, आणि त्यांच्या माणसाची चार ओळींची मेल आमच्या प्लांट हेडना आली.

दोन दिवसांनी चौकशी झाली. एचआरच्या केबिनमध्ये, सकाळी अकराला. मला हे माहीत होतं, कारण डिस्पॅचच्या पोरांनी आदल्या दिवशी कँटीनमध्ये सांगितलं होतं. मी त्या वेळी वरच्या मजल्यावर सपोर्टच्या कॉलवर होते. कॉल मीच लावलेला होता, पुढे ढकलता आला असता. मला चौकशीला बोलावलेलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते. आणि कानात तो माणूस म्हणत होता, "मॅडम, तुमची समस्या आम्ही समजू शकतो."

भाऊंना विचारलं होतं, लेबलं आधी काढायला कुणी सांगितलं? ते म्हणाले, मीच काढली. मेमो मिळाला, आणि पुढच्या सोमवारपासून बदली, मागच्या बाजूला स्क्रॅपयार्डात. तिथे लोखंडाचा कीस आणि नाकारलेले शाफ्ट गाड्यांत भरून जातात. वजनकाट्यावरची चिठ्ठी लिहायची, गेटपास द्यायचा. पंधरा वर्षं ज्या माणसाने डॉक सांभाळला त्याच्याकडे आता स्क्रॅपच्या चिठ्ठ्या.

बदलीचं ऐकलं त्याच दिवशी दुपारी मी सर्व्हरवर एक ओळ टाइप केली. हाताशी ठेवायच्या माहितीच्या वाट्याला एक किमान आकडा घालून दिला: काहीही झालं तरी याच्या खाली यायचं नाही. बाकी वाटणी सर्व्हरने करावी, मजा करावी. कुणाची परवानगी घेतली नाही, कमिटी नाही, मेल नाही. धाडस वगैरे काही नव्हतं त्यात, नुसता संताप होता, आणि तोही चुकीच्या वेळेला आलेला. एंटर दाबायला एक सेकंद लागला. सात महिने लागले होते त्या एका सेकंदाला.

पुढच्या सोमवारी साडेतीनला मी डॉकवर जाऊन उभी राहिले. भाऊंच्या जागेवर आलेल्या माणसाने बटण दाबलं आणि लेबल निघालं. पुन्हा दाबलं, पुन्हा निघालं. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. वाटायचं कारणच नव्हतं.

महिनाअखेरीला सॉफ्टवेअर कंपनीचा रिपोर्ट आला. आमच्या साहेबांनी तो सोमवारच्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचला: ऑटोमॅटिक मेमरी ट्यूनिंगचा शिकण्याचा काळ पूर्ण झाला असून दुपारच्या वेळेतली तक्रार आता आढळत नाही. "बघा मॅडम," ते म्हणाले, "म्हणत होतो ना, धीर धरा."

"सर, ते शिकलेलं नाही. मी किमान आकडा घातलाय."

साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला.

"कधी?"

मी तारीख सांगितली.

"कमिटीत आलं होतं हे?"

"नाही."

ते बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत राहिले. मग मिनिट्स लिहिणाऱ्या मुलीला म्हणाले, "हे मिनिट्समध्ये नको." आणि माझ्याकडे वळून, हलक्या आवाजात, "मॅडम, झालं ते झालं. चाललंय ना आता? मग विषय संपला."

त्यांना मला वाचवायचं होतं, हे मला कळत होतं. पण विषय कागदावर आला नाही तर सर्व्हरचा दोष कागदावर येणार नव्हता. आणि सर्व्हरचा दोष कागदावर नाही म्हणजे एका क्लार्कने आळसापायी लेबलं आधी काढून ठेवली, एवढंच तिथे उरत होतं. बसमध्ये घरी जाताना तळेगाव-चाकण रस्त्यावर आम्ही तासभर एकाच जागी उभे होतो. मी खिडकीला डोकं टेकून मनातल्या मनात पत्र लिहीत होते. कधी फार रागाचं व्हायचं, कधी फार लाचार.

खरं पत्र लिहिलं ते आठ दिवसांनी. प्लांट हेडना, एचआरला प्रत. लेबलं कशामुळे अडकत होती, ट्यूनरच्या फाइलमधल्या नोंदी, आधी लेबलं काढायला मी तोंडी होकार दिला होता, आणि नंतर परवानगीशिवाय सर्व्हरचं सेटिंग मी बदललं. शेवटी विनंती की डिस्पॅचच्या क्लार्कचा मेमो मागे घ्यावा.

एचआरच्या बाईंनी चार दिवसांनी बोलावलं. मला लेखी ताकीद मिळाली, विनापरवाना बदल केल्याबद्दल. मी सही केली.

"आणि त्यांचा मेमो?"

"मॅडम, दिलेला मेमो फाइलमधून काढता येत नाही. तशी सोयच नाही. तुमचं पत्र त्याच्या मागे जोडलंय."

"म्हणजे कुणी फाइल उघडली तर आधी मेमो दिसणार."

"पण मागे पत्र आहे ना."

"आणि बदली?"

"ती शिक्षा नाहीये मॅडम. ती प्रशासकीय बदली आहे."

मी त्यांच्याशी पंधरा मिनिटं वाद घातला. त्या सारखं पाणी घ्या म्हणत होत्या. मी पाणी घेतलं नाही.

त्यानंतर मी स्क्रॅपयार्डात गेले. इतक्या दिवसांत एकदाही गेले नव्हते. पत्र्याच्या शेडखाली टेबल, वजनकाट्याचा डबा, भिंतीला टेकवलेली त्यांची सायकल. भाऊ चिठ्ठी लिहीत होते. मला बघून उठले.

मी त्यांना सगळं सांगितलं. रिपोर्ट, किमान आकडा, पत्र, ताकीद. मेमो निघत नाही, हेही. म्हटलं, "पण मी प्लांट हेडना पुन्हा भेटते. तुम्हाला डॉकवर परत आणायला सांगते."

"नगं," ते म्हणाले.

"का?"

"हितं बरं हाय. हॉर्न न्हाई, कुनी वरडत न्हाई. गाडी आली तर आली." मग खाली बसत म्हणाले, "लेबलं आता निगत्यात ना?"

"निघतात."

"मग झालं की."

मला ते पुरेसं वाटलं नाही. माफ केलं असं त्यांनी म्हणावं, असं मला वाटत असावं, म्हणून मी तिथेच उभी राहिले. आणि बहुधा त्यांना ते कळलं.

"मॅडम, एक बोलू का? राग मानू नगा."

"बोला ना."

"त्या चौकशीच्या दिवशी मी बाहीर बाकड्यावर पाऊन तास बसलो हुतो. मला वाटलं, तुमी याल. नाव न्हाई घेतलं मी तुमचं. म्हनलं, बाईमानूस हाय, उगा कशाला. पर वाटलं, यील. जिन्याकडं बघत हुतो." त्यांनी पेनचं टोपण लावलं. "पत्र लिवलं ते चांगलं केलं. पर तवा आला असता तर कागदाची गरजच न्हवती पडली."

मी काहीतरी बोलायला लागले. कॉल होता, मला बोलावलं नव्हतं. अर्ध्यावरच थांबले.

"व्हय," ते म्हणाले, जणू मी बोललेलं सगळं त्यांनी ऐकून घेतलं होतं. तेवढ्यात स्क्रॅपचा ट्रक आत वळला आणि काट्यावर चढला. आकडा स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो. भाऊ त्याच्याकडे बघत बसले. मी "येते" म्हटलं. त्यांनी मान हलवली.

वर येऊन मी माझ्या खुर्चीत बसले. स्क्रीनवर सपोर्टची एक नवी मेल होती: आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, एक ते पाचमध्ये सांगा. मी ती बंद केली आणि क्वालिटीचा तो रिपोर्ट उघडला, आयुष्यात पहिल्यांदा. चारशे पानं. भाऊंच्या त्या दुपारचा लॉट शोधत गेले. कच्चा माल, पोलादाचा हीट नंबर, मशीन, तपासणी, कधी अडवला, त्याच्या जागी कुठला गेला, कुठल्या गाडीतून. सगळं त्यात बरोबर होतं. लेबलं आधी काढायला होकार कुणी दिला, त्याला मात्र त्यात रकाना नव्हता.